बग्गीच्या स्टेअरिंगचं वेल्डिंग

आमच्या गावात एखादं लोखंडी काम कच्चं निघालं की लोक अजूनही एका माणसाची आठवण काढतात. फाटकाची बिजागरी निखळली, पागोळीचा पत्रा वाऱ्याने उचलला, तर कोणीतरी म्हणतंच, "ह्येका त्या वेल्डराचो हात लागललो काय रे?" सगळे हसतात. तो माणूस गेल्या वर्षी वारला. माझा मित्र होता. ज्या एका वेल्डिंगवरून त्याला हे बोल लागले, ते वेल्डिंग त्याचं नव्हतं. ते मी केलं होतं. आठ वर्षं मी तोंड उघडलं नाही.

नांदगावला हायवेच्या कडेला माझं गॅरेज होतं. रस्ता रुंद झाला, त्यात ते गेलं. बायको त्याआधीच गेली होती आणि मुलगी लग्न होऊन पुण्यात होती. हत्यारं आणि थोडं भंगार टेम्पोत भरून मी गावी आलो. घरी धाकटा भाऊ एकटाच होता. त्याने लग्न केलं नाही. सड्यावरची, म्हणजे गावामागच्या कातळपठारावरची आंब्याची कलमं हाच त्याचा संसार. आमच्या सड्यावर गाडी चढत नाही. कातळाचा चढ, मध्ये चिरे काढून उरलेल्या जुन्या खाणी, आणि चालायला एक पायवाट. आंबे डोक्यावरून खाली आणावे लागत. माणसं मिळेनाशी झाली होती. भाऊ एकदा जेवताना म्हणाला, "आयुष्यभर लोकांच्या गाडये दुरुस्त केलंस. आता एक आपल्यासाठी कर. कातळार चढात अशी."

मला तेवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी वेल्डरकडे गेलो. तो आमच्याच गावातल्या ख्रिस्ती वाडीतला, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. पंचक्रोशीतल्या खिडक्यांचे गज, शाळेचं फाटक, मच्छीमारांच्या होड्यांचे पाइप, सगळं त्याच्या हातचं. मी कागदावर काढलेली बग्गी, म्हणजे पाइपांच्या सांगाड्याची उघडी मोटार, त्याने उलटी-सुलटी करून पाहिली.

"ह्येचा पुढा खंयचा आणि मागा खंयचा?"

"स्टेअरिंग आसा ता पुढा."

"बरा झाला सांगलंस. नायतर मी तुका मागे बसवलेलंय."

पावसाळाभर आम्ही दोघे त्या कामात होतो. तळेऱ्याच्या भंगारवाल्याकडून एका जुन्या व्हॅनचं इंजिन आणि गिअरबॉक्स आणला. दोन्ही मागे बसवले. बांद्याजवळ सडत पडलेल्या जीपचा एक्सल आणि चाकं मिळाली. सांगाडा जाड पाइपचा. स्टेअरिंग एका छोट्या कारचं. दिवा रिक्षाचा, एकच, मधोमध. रस्त्याने जाणारे थांबत आणि म्हणत, "दोन म्हातारे नातवासाठी खेळणा करतत." वेल्डर तोंडावरची काच वर करून विचारी, "तुका बसाचा आसा काय? तुझ्या वजनाचो पाइप अजून गावलो नाय."

वेल्डिंग झालं की तो हातोडीने त्यावर ठोके मारी आणि कान देई. आवाज आवडला नाही तर स्वतःचंच काम ग्राइंडरने कापून टाकी. मी चिडायचो. दोन महिन्यांचं काम चार महिन्यांवर गेलं ते यामुळेच. आज मला वाटतं, त्या चार महिन्यांइतका आनंद मला गॅरेजच्या सगळ्या वर्षांत झाला नसेल. असं लिहायचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही.

शेवटी स्टेअरिंग अडलं. सीट मागे घेतल्यामुळे त्याचा शाफ्ट, म्हणजे खालचा दांडा, वीतभर कमी पडत होता. मध्ये तुकडा जोडायला हवा होता. मी म्हटलं, वेल्डिंग करून टाक. त्याने मान हलवली.

"ह्या पोलाद आसा, पाणी दिलेला. नुसत्या वेल्डिंगार ह्येचो भरवसो नाय. भायरसून नळी घालूया आणि आरपार बोल्ट मारूया. नळी लेथार काढून घेवक होई. माका दोन-तीन दिवस दी."

त्याच सुमाराला गोव्यात त्याच्या बहिणीच्या घरी लादीन होती, म्हणजे घरातल्या क्रुसापुढची प्रार्थना. ती करून, तिकडच्याच लेथवर नळी काढून आणतो असं ठरलं. निघताना तो माझ्या घरापुढच्या खळ्यात येऊन म्हणाला, "मी येयसर ह्येका हात लाव नको."

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दसरा होता.

दसऱ्याला आमच्याकडे गाड्या देवळापुढे नेतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, गावकरी "व्हय म्हाराजा" म्हणतात, नारळ फुटतो. आमचं घर मानकऱ्यांचं. यंदा बग्गी देवळाकडे आणणार असं मीच गावात सांगून बसलो होतो. ती ढकलत नेता आली असती. दोरी लावून ओढता आली असती. पण चार महिने थट्टा करणाऱ्या लोकांपुढे गाडी ओढत न्यायची मला लाज वाटली. सकाळी मी त्याचंच मशीन लावलं आणि शाफ्टला तुकडा जोडून टाकला. देवळापर्यंत जायचं आणि यायचं, एवढ्यापुरतं धरेल असं मी मनाशी म्हटलं. रेघ वेडीवाकडी आली होती. ती दिसू नये म्हणून ग्राइंडरने घासून गुळगुळीत केली आणि वर काळा रंग मारला. घासताना वेल्डिंगचा जीव आणखी कमी होतो हे मला माहीत होतं. हातोडी मी मारली नाही.

देवळापर्यंत मीच चालवत नेली. गाऱ्हाणं झालं. झेंडूची माळ घातलेली बग्गी पाहून तेच लोक आता टाळ्या वाजवत होते. भाऊ पुढे आला आणि म्हणाला, "दादा, उतर. माका सड्यार नेवची आसा. कलमांका दाखवतंय."

तिथे मी बोलायला हवं होतं. नको, स्टेअरिंग कच्चं आहे, वेल्डर आल्यावर ने. एवढंच. पण मग सगळ्यांसमोर म्हणावं लागलं असतं की रंग मारून आणलेली ही गाडी अर्धवट आहे. मी उतरलो. त्याला म्हटलं, "सावकाश जा."

तो सावकाशच गेला. चढ चढला, तेव्हा खालून लोकांनी आरोळ्या दिल्या. वर चिरेखाणीच्या कडेला वाट वळते. तिथे त्याने स्टेअरिंग फिरवलं आणि ते हातात नुसतंच फिरलं. बग्गी सरळ खाणीत गेली. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा तो पाइपांच्या सांगाड्याखाली होता आणि शुद्धीवर होता. मला म्हणाला, "दादा, पाय खंय आसत माझे?" पाय जागेवरच होते. कंबरेचा मणका गेला होता. तो पुन्हा उभा राहिला नाही.

वेल्डर चौथ्या दिवशी थेट हॉस्पिटलात आला. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली नळी होती. त्याने भावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. भावाने तोंड फिरवलं. लोकांनी भावाला आधीच सांगितलं होतं की वेल्डिंग सुटलं. गाडीतलं सगळं वेल्डिंग वेल्डरचं, हे गावाला ठाऊक होतं. मी वर पाहिलं नाही. वेल्डर तसाच परत गेला. नंतर कळलं, तो सड्यावर जाऊन तुटलेला शाफ्ट पाहून आला होता. त्याला काय दिसलं असेल ते मला सांगायला नको. ग्राइंडरने घासलेलं वेल्डिंग त्याने जन्मात केलं नव्हतं.

मी वाट पाहत होतो की तो येऊन मला शिव्या देईल. तो आला नाही.

महिन्याभराने गावकऱ्यांनी ठरवलं, गाऱ्हाणं घातल्यावर लगेच असं झालं, तर देवाला कौल लावून पाहावा. पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. प्रश्न घरच्या माणसाने सांगायचा, गुरवाने देवाला घालायचा. मी सांगितला: "जुन्या सामानात खोट असली तर उजवी दे. वेल्डिंगात असली तर डावी दे." वेल्डर अंगणात, तुळशीच्या पलीकडे उभा होता. तोही ऐकत होता. डावी कळी पडली.

वेल्डिंग कोणी केलं, हे मी विचारलं नाही. देवाला जे विचारत नाहीत ते देव सांगत नाही. सगळ्यांनी अंगणाकडे वळून पाहिलं. तो खाली मान घालून निघून गेला.

त्यानंतर त्याला गावात काम मिळालं नाही. होडीवाल्यांनी दुसरा माणूस धरला. शाळेचं फाटक त्याचंच, वर्षानुवर्षं उभं होतं, तेही तपासून घ्या असं कोणीतरी म्हणालं. तो गोव्यात एका शेडमध्ये दुसऱ्याच्या हाताखाली कामाला लागला. नाताळला घरी यायचा. रस्त्यात भेटलो तर "बरो आसा मा भाव?" एवढं विचारायचा. मी "आसा" म्हणायचो. गेल्या वर्षी तिकडेच आजारी पडून गेला. मातीला मी गेलो. मागे उभा राहिलो.

या मे महिन्यात मी त्याच्या बायकोकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ती तांदूळ पाखडायचं सूप बाजूला ठेवून ऐकत होती.

"माका म्हायत आसा भावजी," ती म्हणाली. "हॉस्पिटलातसून इलो तेवाच म्हणालो, ता वेल्डिंग माझा न्हय."

"मगे बोललो कित्याक नाय?"

"मी म्हटलंय जा, सांग लोकांका. तर म्हणता, भाव खाटेर पडलोहा त्येचो. जरा सवड गावली काय तो सोताच सांगतलो." तिने सूप परत ओढलं. "वाट बघल्यान. गोंयात जायसर वाट बघल्यान. आता माका सांगून काय? जंय इचारलास थंय सांगा."

मी गेलो. देवळात सणाच्या बैठकीला गावकरी जमले होते, त्यांच्यापुढे उभा राहून बोललो. कोणी अडवलं नाही. संपल्यावर एकजण म्हणाला, "काकानू, देवान कौल दिलो तो काय खोटो?"

"कौल खरो. मी इचारलेला अर्धा."

"रवांदे. मेलेल्या दोस्ताचा पाप आपणार घेतास. असो माणूस शोधून गावाचो नाय." आणखी दोघांनी माना डोलावल्या. गुरवाने मला बसायला पाट दिला, प्रसादाचा नारळ हातात ठेवला. मी पुन्हा सांगू लागलो, तर म्हणाले, वय झालं, उन्हातून आलात, पाणी प्या. जाताना एकाने माझ्या पायांना हात लावला.

राहिला होता भाऊ. त्याला मी सर्वांत शेवटी सांगितलं, ही माझी आणखी एक भेकड गोष्ट. तो पडवीत खाटेवर होता. मी दसऱ्याच्या सकाळपासून सगळं सांगितलं. घासलेली रेघ, रंग, आणि तो गाडी मागायला आला तेव्हा मी गप्प राहिलो ते. त्याने मान खळ्याकडे वळवली.

"आठ वर्षां मी त्येका शिव्या घातलंय," तो म्हणाला. "रोज. त्येच्यार माझो दिवस जाय."

मी त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"आता तुका घालू? तुका घातलंय तर माका न्हाणयेत कोण नेतलो?"

मग म्हणाला, "पाणी तापला काय बघ."

पाणी तापलं होतं. मी त्याच्या काखेत हात घालून त्याला उचललं. एरवी तो माझ्या मानेभोवती हात टाकतो. त्या दिवशी त्याने टाकला नाही. तेव्हापासून टाकत नाही. शिव्या देणंही त्याने बंद केलं आहे. आता माझ्याशी लागेल तेवढंच बोलतो: उचल, फिरव, ठेव.