भिंतीवरची ताई

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी इटलीतल्या एका जुन्या चर्चच्या छताचे फोटो संगणकावर मोठे करून बघत बसायचे. जन्मभर चित्रकला शिकवली, पण शेकडो वर्षांपूर्वी ते एवढं मोठं छत रंगवलं कसं, हे कधी नीट समजून घेतलं नव्हतं. एका दुपारी मोठी ताई शेजारी येऊन बसली. उमरेडच्या कॉलेजात तिने रसायनशास्त्र शिकवलेलं.

"या माणसाच्या डोक्याभोवती रेघ काहून आहे वं?"

मी शोधून वाचलं. चित्रकार एका दिवसात रंगवून होईल एवढाच चुन्याचा गिलावा करायचे आणि तो ओला असतानाच, नुसत्या पाण्यात कालवलेले रंग लावायचे. ती रेघ म्हणजे दोन दिवसांच्या कामाचा सांधा.

"म्हणजे हवा लागून चुन्याचा पुन्हा दगड होते, अन् रंग त्यातच अडकते!" ताई उठलीच. "करून पाहू न आपण."

नंदनवनच्या आमच्या घराची मागची भिंत ठरली. मे महिना होता. मी हौसेने अख्ख्या भिंतीला गिलावा करून घेतला, ताईला समोर बसवलं आणि तिचा चेहरा काढायला घेतला. कपाळ होईस्तोवर भिंत सुकली, तरी बाकीचा चेहरा मी तसाच सुक्यावर रंगवला. दुसऱ्या दिवशी गालावर बोट फिरवलं, तर रंग पावडरीसारखा हातावर आला.

मग थंडीपर्यंत थांबलो. एका सकाळी परातीएवढाच गिलावा केला. गेरू, पिवळी माती, कोळशाची पूड. कुंचला टेकला की भिंत रंग पिऊन टाकायची. खोडायची सोयच नव्हती.

"हनुवटी हलवू नकोस."

"मंग लवकर कर न, मान दुखून राहिली माही."

काही दिवसांनी बघते तर ताई भिंतीसमोर बादली घेऊन उभी. मी "थांब" म्हणेपर्यंत तिने पाणी फेकलंसुद्धा. चेहरा जागच्या जागी होता. फक्त डावा कान, जो मी सगळ्यात शेवटी, गिलावा कडक झाल्यावर काढला होता, तो ओघळून गेला.

"कान गेला माहा!" ताई केवढी खूश झाली.

"दुसरा काढून देते."

"राहू दे वं. तोच तर पुरावा आहे. आता तू बस, मी काढतो तुले."

"तू?"

जन्मात कधी कुंचला न धरलेल्या ताईने माझं नाक गाजराएवढं काढलं, आणि तेही ओल्या गिलाव्यावर.