तीन मिलिमीटरचा एकुलता नर

नंदुरबारहून सुरतच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या पर्समध्ये एक कुपी होती आणि कुपीत, स्पिरिटमध्ये, तीन मिलिमीटरचा नर. कॅडिसफ्लाय हा पाण्यात वाढणारा, केसाळ पंखांचा, पतंगासारखा कीटक. आमच्या ओढ्यावर याच्या माद्या पुष्कळ मिळाल्या. पण जात नवी की जुनी हे नराच्या शेपटाकडचे अवयव पाहूनच ठरतं. इतक्या वर्षांत नर सापडला तो हा एकच. आणि माझे हात आता असे थरथरतात की चहा बशीत सांडतो, तिथे याचं पोट काय कापणार! शेजारणी विचारतात, "मॅडम, निवृत्त झालात तरी किडेच का?" उत्तर द्यायचं मी सोडलंय. घरी आल्यावर तर विचारणारंही कोणी नसतं.

म्हणून विजयकडे निघाले. माझा जुना विद्यार्थी. बीएस्सी अर्धवट टाकून सुरतेत हिरे घासायला गेला. प्रॅक्टिकलला झुरळ कापण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

सुरतच्या गोडादरा भागात त्याच्या घरी पोचले तर दहाही वाजले नव्हते. त्याच्या बायकोने ताटच मांडलं. "ताई, पहिले जेवी ल्या (जेवून घ्या)." भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी. समोर बसून कोणी आग्रह केल्याला फार दिवस झाले होते. लाज सोडून दोन भाकऱ्या खाल्ल्या.

विजय कामावर गेला होता, म्हणून दुपारी रिक्षाने कतारगामला. कारखान्यात जेवणाची सुट्टी नुकतीच संपत होती. विजयने आपल्या घंटीजवळ (हिरे घासायच्या चकतीजवळ) पांढरा कागद पसरला, किडा त्यावर ठेवला, स्पिरिट उडू दिलं. भिंग डोळ्याला लावलं आणि फूऽऽ करून फुंकर मारली. हिऱ्यावरची धूळ उडवायची रोजची सवय! कागद कोरा.

"विजय, दुसरा नाहीये रे," एवढंच मला बोलता आलं.

तो गुजरातीत ओरडला, "कोई हलशो नहीं (कोणी हलू नका)." पंखे बंद झाले. हिरा पडला की इथे असंच करतात. वीसेक माणसांनी पाय खुर्चीवर घेतले, कॉलर, बाह्या, खिसे कागदावर झटकले. घामाच्या धारा लागल्या, पण किडा कशाला हवा असं एकानेही विचारलं नाही. शेवटी शेजारच्या वयस्कर कारागिराने विजयच्याच बाहीवर चिमटा नेला. "अहीं छे (इथे आहे), बेन."

विजयने हात धुतले, श्वास रोखला आणि एका कापात काम केलं.

घरी परतून चार दिवस आकृत्या काढल्या. ओळखीच्या एकाही जातीशी जुळेना. जात नवीच. सांगायला मागे वळले तर खोलीत कोण असणार? विजयला फोन लावला.

"म्हणजे मॅडम, याच्यावर आजवर कोणाची नजरच गेली नव्हती? एकटाच होता बिचारा."

"एकटा कसला? ओढ्यावर त्याचा सगळा गोतावळा आहे. विचारपूस करणारं कोणी नव्हतं, इतकंच..." आणि मला रडू फुटलं. विद्यार्थ्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा.

विजय म्हणाला, "मॅडम, रविवारी आम्ही दोघं येतो. ओढा दाखवा."

"या. पण पहिले माझ्याकडे जेवायचं," मी म्हणाले.