जुबेदाचा डावा हात

“हिचा उजवा हात आळशी नाही, दुबळा आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी जुबेदाच्या डाव्या मनगटाकडे पाहिलं. तिथे फडक्याचा वळ होता.

या दुखण्याला हेमिप्लेजिया म्हणतात. मेंदूच्या एका बाजूला इजा झाली की शरीराची दुसरी बाजू दुबळी पडते. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती.

मी तिसगावचा मण्यार, बाजारात बांगड्या भरतो. जुबेदा रांगती असल्यापासून सगळं डाव्या हातानेच घेई. जेवायचीही. आमच्यात ते चालत नाही. म्हणून जेवताना मी तिचा डावा हात कमरेशी बांधू लागलो. ती रडे, अर्धपोटी उठे. मला तो हट्ट वाटे.

“हिची समजही कमी असू शकते. मग शिकवणं अवघड,” असं सांगून डॉक्टरीणबाईंनी आम्हाला ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवलं. म्हणजे कामातून, खेळातून माणसाचे हात आणि समज तपासून त्याला शिकवणारी बाई. ही गोरी बाई लढाईतल्या जखमी शिपायांना शिकवून नगरच्या दवाखान्यात आली होती.

तिने खेळायला लाकडी कड्या पुढे ठेवल्या. जुबेदाने डावा हात आपणहून कमरेला लावला.

“आवं, पोर हात का म्होरं करीना?” नर्सने विचारलं.

मी जुबेदाचं झबलं सारखं करू लागलो.

“सांगा की,” माझी बायको हमीदा म्हणाली. “बांधताना लाज न्हाई वाटली, आता वाटती व्हय?”

मी सांगितलं. बाई रागावली नाही. नर्सकरवी तिने आम्हाला एवढंच विचारलं, “घरी ही काय खेळते?”

“ह्यांच्या बांगड्या. लाल लालात, हिरवी हिरव्यात लावती. हे बाजारात गेले की.”

मला हे ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात बाईसमोर चटईवर बांगड्या ओतल्या. जुबेदा त्यांना शिवेना, माझ्याकडेच बघत राहिली.

“घे बेटी,” मी म्हणालो. “त्याच हाताने घे.”

तिने रंग लावले. ढीग घसरला तेव्हा उजवी मूठ त्यावर दाबून धरली.

“समज चांगली आहे,” बाई मोडक्या मराठीत म्हणाली. “तो हात मदतनीस. त्याला मदतीचं काम द्या.”

आता उजव्या हाताने ती ताट धरते, डाव्याने जेवते. उजवा हात पुरता सुधारणार नाही, हेही बाईंनी सांगितलं आहे. तुमचं तान्हं मूल एकच हात पुढे करत असेल, तर दुसऱ्याला काय झालंय ते आधी दाखवून घ्या.

बाईंचे उपकार फिटणार नाहीत. पण घास उचलण्याआधी जुबेदा अजून माझ्याकडे बघते. मी मान हलवतो, मग ती जेवते.