कोचला मीच सांगितलं

नातीच्या कॉलेजात (इथं हायस्कूललाच कॉलेज म्हणतात) बास्केटबॉलचा कोच पंचाहत्तरीचा होता. जिमच्या भिंतीवर त्यानं जिंकवलेल्या टीमांचे फोटो. हॅमिल्टनमधली माणसं त्याला देव मानायची आणि पाठीमागं म्हणायची, आता यानं घरी बसावं. तोंडावर कोणी बोलत नव्हतं.

आमची ही वारल्यावर मुलानं मला इकडं परदेशात आणलं. भिंतींशी किती बोलणार? दुपारी मी जिमच्या बाकावर जाऊन बसायचो. खेळ कळत नव्हता. पण मी चौथी शिकलेला, बस डेपोत जन्म गेला. माणसाच्या हातांकडं बघायची सवय.

कोच फळ्यावर बाण काढून समजवायचा. पोरी मान डोलवायच्या. मग नात बुटाची नाडी ओढायची, आणि सगळ्या भलतंच खेळायच्या. मला वाटलं भास. चार दिवस पाळत ठेवली. रोज तेच.

गाडीत मी विचारलं, "म्हाताऱ्याला फसवता काय गं?"

"आजोबा, तो सगळं विसरतो. प्लीज, डोन्ट टेल हिम. त्याला खूप वाईट वाटेल."

गाडी चालवता चालवता मुलगा म्हणाला, "बाबा, उद्या पालकांची मीटिंग आहे. पाहिलंत ते तिथं सांगा. म्हणजे जाईल एकदाचा."

"तू सांग की. तुला तोंड नाही?"

"तुम्ही त्यांच्या वयाचे. तुमचं वाईट दिसणार नाही."

म्हणजे वाईटपणा माझ्या माथी. मी ओळखलं.

डेपोत आमचा हेडमिस्त्री बहिरा झाला, तेव्हा आम्हीही हेच केलं होतं. तो इंजिनाला कान लावून काहीतरी सांगायचा, आम्ही "हो मिस्त्री" म्हणून आपल्या मनाचं करायचो. त्याला कळलं तेव्हा मला म्हणाला, "गाढवा, तू तरी सांगायचंस." त्यानंतर आम्हाला त्यानं तोंड दाखवलं नाही.

म्हणून मीटिंगच्या आधीच मी कोचला गाठलं. चारचौघांत नको, म्हणून एकट्याला. मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "गर्ल्स नॉट लिसन यू. दे मेक ओन प्लॅन."

तो शिट्टी पुसत राहिला. मग हसला. "आय नो, मेट. गेल्या हिवाळ्यापासून."

पण कान लाल झाले होते.

मीटिंगला मुलगा मला खुणावत होता. मी छताकडं बघत बसलो. सोमवारी कोच आलाच नाही. चिठ्ठी पाठवली म्हणे, गुडघे दुखतात.

त्याला आधी माहीत होतं, की माझ्याच तोंडून कळलं? ही असती तर तिनं एका नजरेत सांगितलं असतं. वर म्हणाली असती, तुम्हाला कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला?

रात्री जेवताना नातीनं विचारलं, "आजोबा, डिड यू टेल हिम?"

सगळा जन्म फटकळ म्हणून काढला मी. तिला म्हटलं, "नाही."

"ओके," म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली. पोळी अर्धी तशीच होती.