बंदूक चालवायला शिकताना भेटलेल्या काकू

वालीवच्या माझ्या वर्कशॉपमध्ये चोरी झाली, तेव्हा मी पिस्तुलाचं लायसन काढायचं ठरवलं. त्यासाठी आधी खऱ्या गोळ्या झाडण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. तिथे माझ्या शेजारी भुईगावच्या एक काकू पदर घट्ट खोचून उभ्या होत्या. त्यांचा नवरा वारला होता. त्याची बंदूक त्यांना स्वतःच्या नावावर करायची होती, नाहीतर ती पोलिसांकडे जमा करावी लागणार होती.

प्रत्येक बाराला माझे डोळे आपोआप मिटत. माझा निशाणाचा कागद शेवटपर्यंत कोरा राहिला. काकूंची शेवटची गोळी मात्र लागली. त्यांनी बंदूक खाली ठेवली आणि स्वतःच्या हाताचा वास घेतला.

“वाडीतली माकडं हाकलायला बार काढला की ह्यांच्या सदऱ्याला हाच वास यायचा,” त्या म्हणाल्या. “मला कोनाला मारायचं नाय. बंदूक घरात राहिली म्हंजे झालं. आनी तुमी?”

“चोरांसाठी,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्या कागदाकडे जरा वेळ पाहिलं. “दादा, तुमी कुत्रा पाळा.”

मी पाळला. फटाके वाजले की तो टेबलाखाली शिरतो. त्याला सोबत हवी म्हणून मीही तिथेच बसतो.