पाणी राहिलं, माती गेली

केजमधल्या एका छोट्या संस्थेत मी काम करते. कोरडवाहू गावांत जायचं आणि सौरपंप, ठिबक, वावरावर पालापाचोळ्याचं आच्छादन असल्या गोष्टी लोकांना करून दाखवायच्या. नांदूरघाटच्या बाजूला नदीकाठी एका जोडप्याची थोडी जमीन होती. दोघं दर हिवाळ्यात ऊसतोडीला जायचे. पहिल्याच बैठकीत बाईंनी मला विचारलं, "म्याडम, ह्यानं आमचं जाणं थांबंल का?"

"बघू या करून," मी म्हणाले.

आणि खरंच थांबलं. विहिरीवर पंप बसला. सोयाबीनचं भुसकट, तुरीचा पाला, जे मिळेल ते दोघं वावरात पसरू लागले. ह्यांनी मातीला चारा घातला, असं म्हणून गावातले हसायचे. पण दोन-तीन पावसाळ्यांत ती भुरकट जमीन काळसर झाली. मूठभर उचलली की गांडुळं वळवळायची. गावात टँकर येत होता त्या उन्हाळ्यातही त्यांची मिरची हिरवीगार होती. मी बाहेरगावचे शेतकरी तिथे घेऊन जायचे. बाई चहा ठेवायच्या आणि बोलायचं काम नवऱ्यावर ढकलायच्या. तो लाजून एवढंच म्हणायचा, "मातीला उघडं ठिवू नका."

आमची सगळी तयारी पाऊस न पडण्याची होती. मग एका सप्टेंबरात तो थांबेचना. नदीनं पात्र सोडलं. रस्ता मोकळा झाल्यावर मी गेले, तर वावराच्या जागी मुरूम आणि गोटे. ठिबकच्या नळ्या बाभळीत अडकून लोंबत होत्या. पंप मात्र उंचावर असल्यामुळे शाबूत होता. विहीर काठोकाठ भरलेली.

नवरा एका गोट्यावर बसला होता. मला बघून उठला नाही. बाई म्हणाल्या, "पंप चालू हाय बगा. पाणी बी लई हाय. पर द्यावं कशाला?"

तलावातला गाळ आणून टाकता येईल, पुन्हा पाला पसरता येईल, असं मी सांगू लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पैल्यासारखी व्हायला किती वर्सं लागतील?"

मला खोटं बोलवेना. "बरीच, ताई."

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रॅक्टर आला. पत्र्याची पेटी, पिठाचं पोतं, कोयते वर चढले. मी सकाळीच पोहोचले होते. "तुमी कावून आलात एवढ्या लांब?" बाई म्हणाल्या. "च्या बी करता येईना, भांडी बांधली." नवरा म्हणाला, पंप वरच्या शेजाऱ्याला वापरू द्या, त्याचं वावर वाचलंय. मी बरं म्हणाले.

ट्रॅक्टर गेला. दुपारी मला दुसऱ्या गावात बैठक होती. पंपाबद्दल, ठिबकबद्दल नेहमीसारखं बोलले. मग माती कशी तयार होते ते सांगायची वेळ आली. मी पाणी प्यायले आणि उरलेलं सहकाऱ्याला सांगायला सांगितलं.