चांगल्या मुलांची यादी

महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मी चिखली तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग घेत होते. शाळा सातवीपर्यंत, खोल्या तीन. तीन खोल्यांत सात वर्ग कसे बसवायचे हे मला शिक्षकांच्या नॉर्मल स्कूलमध्ये कुणी शिकवलं नव्हतं, पण बसायचे. माझा वर्ग व्हरांड्यात होता आणि समोर गावाचा कोंडवाडा होता. कुणाचं जनावर कुणाच्या शेतात शिरलं, हे माझ्या वर्गाला पोलीस पाटलाच्या आधी कळायचं.

गावात हायस्कूल नव्हतं. सातवीनंतर मुलगे चिखलीला कुणा नातेवाइकाकडे राहायचे आणि मुली घरी राहायच्या. त्यामुळे गावातल्या कापसाच्या जिनिंगच्या मालकांनी शिक्षण मंडळ काढलं आणि ते स्वतः त्याचे अध्यक्ष झाले, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तो माणूस वाईट होता असं वाटेल. वाईट नव्हता. त्यांनी जिनिंगच्या आवारात पाच पक्क्या खोल्या बांधल्या, पुण्याकडचे एक हेडमास्तर आणले आणि आठवी सुरू केली. दुसऱ्या वर्षी त्यांना पाचवीही हवी झाली.

एप्रिलमध्ये अध्यक्ष आमच्या शाळेत आले. आमचे हेडमास्तर खुर्चीतून उठले, ते अध्यक्ष जाईपर्यंत उभेच होते.

"बाई, मामला सीधा आहे," अध्यक्ष मला म्हणाले. "तुमच्या चौथीतली चांगली चांगली पोरं आम्ही पाचवीत घेतो. तुम्ही फक्त यादी द्या."

"आणि बाकीची?"

"बाकीची तुमच्याकडंच राहतीन ना. त्याचाच तर पगार देते सरकार तुम्हाले."

मी त्याच दिवशी यादी केली. वर्गात एक्केचाळीस मुलं होती. मी एक्केचाळीस नावं लिहिली.

हेडमास्तरांनी कागद दोनदा वाचला. "बाई, हा तर हजेरीपट दिसते."

"सगळी चांगलीच आहेत, सर."

"असं कसं होईन?"

"मला तरी वाईट सापडलं नाही."

त्यांनी सही केली आणि कागद पाठवून दिला. अध्यक्ष रागावले नाहीत. त्यांनी निरोप दिला की, बाईंना वेळ नसेल तर निवड आम्ही करू.

निवड जिनिंगच्या आवारात झाली. पुण्याकडचे हेडमास्तर टेबल टाकून बसले आणि एकेका मुलाला बोलावू लागले. सज्जन गृहस्थ होते, पण त्यांना आमची मुलं काय बोलतात ते अर्धंच कळायचं आणि मुलांना ते काय विचारतात तेही अर्धंच. माझ्या वर्गात एका माळणीची मुलगी होती. तिची आई गावाबाहेरच्या विहिरीवर भाजीपाला करायची आणि उंद्रीच्या बाजारात विकायची. ही मुलगी तीसपर्यंतचे पाढे उलटे म्हणायची. हेडमास्तरांनी तिला पाढे विचारलेच नाहीत. त्यांनी विचारलं, "तुला कोणता छंद आहे?"

मुलगी म्हणाली, "मले नाई काही. मागच्या साली खरूज होती, ते बरी झाली."

तिच्या नावापुढे फुली पडली.

माझी मुलगीही त्याच वर्गात होती. तिने छंद 'वाचन' असा सांगितला. तोवर तिने पाठ्यपुस्तकाखेरीज भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं वाचलं होतं. निवडलेल्या बावीस मुलांत तिचा तिसरा नंबर आला.

त्या दिवशी मी घरी म्हणाले, "तिला तिकडे पाठवू नये असं मला वाटतं."

माझे यजमान अमडापूरच्या सोसायटीत कारकून होते. सायकल भिंतीला लावत त्यांनी विचारलं, "काऊन?"

"मी इकडे शिकवते म्हणून."

"तू इकडे शिकवते म्हणून पोरीचं नुकसान करायचं? तिकडे इंग्रजीला वेगळा मास्तर आहे."

इंग्रजीला वेगळा मास्तर होता, हे खरंच होतं. मुलीला नवा फ्रॉक शिवायला टाकला.

जून लागण्याआधी मारुतीच्या पारावर गावसभा झाली. जिल्हा परिषदेने आपले पाचवी ते सातवीचे वर्ग मंडळाकडे सोपवावेत, असा ठराव यायचा होता. मी आयुष्यात पहिल्यांदा सभेत उभी राहिले. म्हणाले, "हायस्कूल पाहिजेच. पण जी शाळा मुलं निवडून घेते ती गावाची नाही. आमची शाळा दारात आलेल्या कुणालाही परत पाठवत नाही. ती चांगली करायला हवी, रिकामी नाही." दोन-तीन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मला वाटलं, जमलं.

बायकांच्या बाजूने माळीण उठली. ती सभेत कधी बोलत नसे.

"बाई," ती म्हणाली, "तुमची पोरगी कोठी जाऊन राह्यली?"

मी सांगितलं. दुसरं काय करणार? कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं. मी खाली बसले आणि ठराव मंजूर झाला.

ठराव वर जाऊन पडून राहिला. मी उरलेल्या एकोणीस मुलांची पाचवी घेतली. प्रत्यक्षात अठराच यायची. माळणीची मुलगी आली नाही. बोलावणं पाठवलं तर आईने उत्तर दिलं, "नापास झालेलं लेकरू कायले शाळेत पाठवू?" ती चौथी पास होती, वर्गात पहिली होती. पण गावात नापासाची बातमी पासाच्या पुढे धावते.

दिवाळीनंतर तालुक्याचे साहेब हायस्कूल तपासायला आले. त्यांनी पाचवीत डोकी मोजली आणि सांगितलं की, एवढ्या कमी पटावर अनुदान मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जिनिंगची बैलगाडी, सरकी उतरवून, आमच्या शाळेसमोर उभी राहिली. माझी अठरा मुलं एका रात्रीत चांगली झाली होती. ती आनंदाने गाडीत बसली. कुणाला छंद विचारला नाही. माझा वर्ग मोकळा झाला आणि मी जादा शिक्षिका ठरले.

गाडी माळणीच्या विहिरीवरही गेली होती. तिने गाडीवानाला सांगितलं, "मुंडकी मोजाले पाहिजे असतीन तर माह्या बकऱ्या घेऊन जाय."

अध्यक्ष स्वतः माझ्या घरी आले. "बाई, माळणीले समजवा. तुमचं ऐकीन ते."

"माझं तर ती मुळीच ऐकणार नाही," मी म्हणाले. तरीही गेले. अध्यक्षांसाठी नाही.

माळीण वांग्यांना पाणी देत होती. थांबली नाही. "बोला तुम्ही, बाई. मी ऐकून राह्यले."

मी म्हणाले, "सभेत तुम्ही विचारलं ते बरोबर होतं. मी माझ्या मुलीचं पाहिलं."

"आपल्या लेकराचं कोण नाई पाहात?" ती म्हणाली. "म्या तुम्हाले वाईट म्हणून नाई इचारलं. मले मालूम करून घ्याचं होतं का कोणती शाळा खरी चांगली हाय."

तिने सरळ शाळेची चौकशी केली होती, आणि सहा महिने मी तिची नजर चुकवून पलीकडच्या रस्त्याने जात होते.

"मग आता हिला पाठवा," मी म्हणाले. "त्यांना डोकी पाहिजेत तोवर. एकदा नाव लागलं की काढता येत नाही."

माळणीने वाफ्याचं तोंड बुजवलं आणि मुलीला हात धुऊन यायला सांगितलं.

माझी बदली डोणगावला झाली. अध्यक्षांनी निरोपाला नारळ दिला आणि भाषणात माझ्या निवडीच्या नजरेचं कौतुक केलं. मी मुलीला सोबत नेलं. तिथे तिला जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं, तर ती दोन दिवस रुसली.

माळीण मला पुढे बऱ्याच वर्षांनी उंद्रीच्या बाजारात दिसली. तिची मुलगी मॅट्रिक होऊन अकोल्याला नर्सिंगचं शिकत होती. "पहिल्या खेपी इंग्रजीत गेली होती," माळीण म्हणाली. "तुमचीचं कसं हाय?"

माझीही इंग्रजीत नापास झाली होती, अजून सुटली नव्हती. तसं सांगितलं.

"मंग बसवा पुन्हा," ती म्हणाली, आणि माझ्या पिशवीत मेथीची जुडी टाकली.